एका रात्रीपुरता नांगर

"सोड!" सुकाणूपाशी उभे असलेले काका ओरडले आणि मी साखळीवरचा हात काढला. खडखडाट करत नांगर पाण्यात गेला. साखळी संपली, मग दोर सरसरत गेला, मग तोही सैल पडला. मला वाटलं, झालं. बोट थांबली, आता काकूंनी आणलेला डबा उघडायचा.

काम संपलं तर नव्हतंच, अजून सुरूही झालं नव्हतं.

हे एंजल आयलंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. गोल्डन गेटच्या पुलाखालून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात शिरलं की समोर अल्काट्राझचा तुरुंग दिसतो आणि सगळ्यांचे कॅमेरे तिकडेच वळतात. त्याच्या मागे, डाव्या हाताला, त्याच्या कैकपट मोठं एक हिरवं-पिवळं डोंगराळ बेट असतं. त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. ७८८ फुटांचा एक डोंगर, त्याच्याभोवती पाचेक मैलांचा फिरायचा रस्ता, कडेला छोट्या छोट्या खाड्या. १९५५ साली त्याचा एक कोपरा राज्य उद्यान झाला आणि पुढच्या काही वर्षांत जवळजवळ अख्खं बेटच. पूल नाही. फेरीबोटीनं जायचं, नाहीतर स्वतःच्या बोटीनं.

स्वतःची बोट काकांची. काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे ते काका झाले. १९७३ साली खिशात आठ डॉलर घेऊन आले. (त्या काळात आलेला प्रत्येक जण आठच डॉलर घेऊन आलेला असतो. तेव्हा परकीय चलनच तेवढं मिळायचं, पण सांगताना प्रत्येकाच्या आवाजात आपण एकटेच तसे आलो असा भाव असतो.) निवृत्त झाल्यावर त्यांनी तीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. बर्कलीच्या गोदीत ती बांधलेली असते आणि दर शनिवारी काका तिच्यावर काहीतरी घासत, रंगवत बसलेले असतात. काकू म्हणतात, "सवत परवडली असती, तिला एवढं पॉलिश लागलं नसतं."

माझ्या नवऱ्याला बोटीचा फोटो बघूनही मळमळतं. म्हणून मी एकटीच गेले. जाण्याआधी काकांनी विचारलं होतं, "पोहता येतं?" मी हो म्हटलं. "गाठी मारता येतात?" मी साडीच्या निरीची आणि परकराच्या नाडीची गाठ मनात आणून पुन्हा हो म्हटलं. तेवढ्यावर त्यांनी मला खलाशी नेमलं.

---

आमच्या घरात नांगर या शब्दाला एकच अर्थ होता. आजोबांचा आधी लाकडी होता, मग किर्लोस्करांचा लोखंडी आला, पुढे ट्रॅक्टर आल्यावर तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. शाळेच्या पुस्तकात 'जहाजानं बंदरात नांगर टाकला' असं वाक्य आलं तेव्हा मी खरोखरच तसं चित्र डोळ्यांपुढे आणलं होतं. खलाशी शेतातला नांगर उचलतात आणि समुद्रात फेकतात. का फेकतात ते कळत नव्हतं. पण पुस्तकात लिहिलंय म्हणजे फेकत असतील.

त्या शनिवारी बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसून मी पहिल्यांदा काकांचा नांगर नीट पाहिला, आणि ते चित्र चुकीचं नव्हतं असं निघालं. समुद्रातल्या नांगराचे पुष्कळ प्रकार आहेत. काकांचा होता तो हुबेहूब फाळासारखा, दोन्ही बाजूंना माती फेकणारा. इंग्रजीतही त्याला नांगरच म्हणतात, शेतातला. १९३३ साली जी. आय. टेलर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं त्याचा आराखडा केला. हा मनुष्य मुळात द्रवपदार्थ कसे वाहतात याचा अभ्यासक, आणि शिडाच्या बोटीचा शौकीन. त्यानं त्याला नाव दिलं 'सीक्यूआर'. भराभर म्हणून बघा, 'सिक्युअर' ऐकू येतं. शास्त्रज्ञांचे विनोद असेच असतात.

"नांगर वजनानं धरत नाही," काका म्हणाले, "नाहीतर दगड बांधला असता." हे मला खरंच नवीन होतं. नांगर तळावर आडवा पडायला लागतो. मग बोट हळूहळू मागे गेली की दोर त्याला जमिनीला समांतर ओढतो आणि फाळ चिखलात घुसतो. ओढ जितकी आडवी, तितका तो खोल जातो. ओढ वरच्या दिशेनं झाली की तोच फाळ उपटून निघतो. म्हणून दोर भरपूर सोडायचा. किती? याचं गणित काकांनी माझ्याकडून तोंडी करून घेतलं. पाण्याची खोली १२ फूट. पाण्यापासून नाळेची उंची ४ फूट. भरती अजून ४ फूट चढायची आहे. झाले २०. त्याच्या पाचपट, म्हणजे १०० फूट. वारा असेल तर सातपट. भरतीचे चार फूट विसरलात तर दुपारी तुम्ही जेवत असताना पाणी वाढतं, दोर ताठ होतो, आणि तुमचं ताट, तुम्ही आणि बोट असे सगळे मिळून निघता.

मी ६० फूट सोडला होता. काकांनी इंजिन मागे घेतलं आणि मला किनाऱ्याकडे बघत राहायला सांगितलं. एक जवळची वस्तू धरायची, तिच्या बरोबर मागे एक लांबची. मी पुढे एक खांब धरला आणि मागे निलगिरीचं झाड. दोन्ही एका रेषेत राहिली तर बोट जागेवर. झाड खांबाच्या उजवीकडे सरकलं. मग आणखी उजवीकडे.

"काका, झाड चाललंय."

"झाड नाही चाललं. तू चाललीयेस."

दोराला हात लावला तर तो थरथरत होता. खालून नांगर चिखल उकरत येतोय, ते बोटांना कळत होतं. त्या क्षणी तो आजोबांचाच होता. दोन्ही एकाच धातूचे, एकाच आकाराचे, आणि दोघांचं काम उलटं. पुढे सरकला तर शेतातला, थांबला तर समुद्रातला. आमचा शेत नांगरत होता.

ओढून वर घेतला. १०० फूट नव्हे, पण साठ फूट दोर आणि साखळी हातानं ओढणं म्हणजे काय ते माझ्या खांद्यांनी पुढे चार दिवस सांगितलं. फाळाला भलामोठा काळा गोळा चिकटून आला. खारट, गुळगुळीत, कुजक्या अंड्याचा वास. दुसऱ्या खेपेला नियमानं १०० फूट सोडला, काकांनी इंजिन सावकाश मागे घेतलं, दोर एकदा लोंबला, ताठ झाला, आणि बोटीनं हलकेच मान खाली घातल्यासारखं केलं. झाड खांबामागे गेलं आणि तिथेच राहिलं. काकू आतून म्हणाल्या, "आता वाढू का?"

---

तो काळा गोळा मी बादलीत धुवत असताना काका सांगत होते की यात सोन्याच्या खाणींची माती असणार. मला थट्टा वाटली. पण ती गोष्ट खरी आहे. १८४९ नंतर इथे सोन्यासाठी झुंबड उडाली. सुरुवातीला लोक नदीत थाळ्या घेऊन बसत, मग प्रचंड दाबाच्या पाण्याचे फवारे मारून सिएरा नेवाडाचे डोंगरच्या डोंगर फोडायला लागले. सोनं वेगळं केलं, उरलेला डोंगर नदीत सोडला. तो गाळ शेतं बुडवत, नदीचं पात्र भरत शेवटी या उपसागरात उतरला. शेतकरी कोर्टात गेले आणि १८८४ साली कोर्टानं नदीत गाळ सोडणं बंद पाडलं. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूगर्भशास्त्रज्ञानं १९१७ मध्ये हिशेब मांडला तेव्हा एकंदर गाळ एक अब्ज घनयार्डाहून जास्त निघाला. सोनं पकडायला पारा वापरत, तोही त्याच्याबरोबर आला आणि अजून तळाशी आहे. म्हणजे मी धुवत होते ती कुणाची तरी नांगरलेली जमीनही असू शकत होती.

काकूंनी त्यातला थोडा चिखल कुंडीसाठी मागितला. काका म्हणाले, "मीठ आणि पारा. तुळस दोन दिवसांत वैकुंठाला जाईल."

नांगर कुठे टाकायचा नाही, हेही त्याच जेवणात शिकले. एंजल आयलंडच्या पलीकडे, सॉसालिटोजवळ, रिचर्डसन बे नावाचा उथळ भाग आहे. तिथे पाण्याखाली ईलग्रासची कुरणं आहेत. ते शेवाळ नव्हे, फुलं येणारं खरंखुरं गवत आहे. हिवाळ्यात हेरिंग मासे त्याच्या पात्यांवर अंडी घालतात. तिथे वर्षानुवर्षं नांगरून पडलेल्या बोटींच्या साखळ्या भरती-ओहोटीबरोबर तळावर गोल फिरत राहिल्या आणि गवत मुळासकट खरवडून गेलं. वरून काढलेल्या फोटोंत हिरव्या कुरणात टक्कल पडल्यासारखी वर्तुळं दिसतात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक बोट, किंवा कधीकाळी होती ती बोट. त्यातल्या कित्येक बोटींवर लोक राहत, कारण जमिनीवर राहणं परवडत नव्हतं. काका गवताच्या बाजूनं बोलतात. काकू त्या माणसांच्या. जेवण लांबलं.

---

रात्र काढायची ती मात्र बेटाच्या वायव्येला, आयाला कोव्हमध्ये. तिथे जायचं तर रॅकून सामुद्रधुनीतून जावं लागतं. हे नाव ऐकून मी काठावर रॅकून शोधत होते. बेटावर ते आहेतही, आणि उघडी राहिलेली खाऊची पिशवी त्यांना लांबून कळते. पण नाव पडलं एका ब्रिटिश युद्धनौकेवरून. १८१४ मध्ये ती फुटक्या तळानिशी इथे दुरुस्तीला आली होती.

या सामुद्रधुनीत पाणी नदीसारखं पळतं. समुद्र दिवसातून दोनदा गोल्डन गेटच्या अरुंद दारातून आत येतो आणि दोनदा बाहेर जातो, आणि त्यातला एक फाटा इथून जातो. काकांनी वहीत वेळा लिहून आणल्या होत्या. भरती संपून ओहोटी लागण्याच्या मध्ये पाणी थोडा वेळ थबकतं, त्या वेळात आपण बोयांपाशी, म्हणजे बोट बांधायच्या तरंगत्या खुंटांपाशी, पोचलं पाहिजे. आमचा मुहूर्त होता दुपारी साडेतीनचा. लग्नाचासुद्धा एवढा पाळला नव्हता.

आयाला कोव्हमध्ये सहसा नांगर टाकत नाहीत. उद्यानानं बोये रांगांनी बांधून ठेवले आहेत आणि बोट दोन बोयांच्या मध्ये बांधायची असते, एक दोर पुढून, एक मागून. एरवी नांगरलेली बोट वारा आणि प्रवाह येईल तशी गोल फिरते. इथे जागा थोडी, बोटी फार, आणि प्रवाह खाडीत शिरून भोवऱ्यासारखा फिरतो. प्रत्येक बोट आपापल्या मर्जीनं फिरायला लागली तर रात्री एकमेकींना धडका देतील. म्हणून दोन्हीकडून बांधायचं. गोदीही आहे, पण ती दिवसापुरती. सूर्य मावळला की तिथे बोट ठेवता येत नाही.

हे सांगायला सोपं. मी नाळेवर लांब काठीचा आकडा घेऊन पालथी पडले होते. बोया आला, आकडा कडीत अडकला, मी दोर ओवला. आता दुसरं टोक मागच्या बोयाला न्यायचं. मी काठी घेऊन मागे धावले, वाकले, आणि काठी हातातून सुटली. ती तरंगत होती. संथपणे, काही घाई नसल्यासारखी, ती शेजारच्या बोटींमधून खाडीच्या तोंडाकडे निघाली. काका काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मोठ्यानं ऐकू आलं. शेवटी काकूंनी छोटी रबरी होडी पाण्यात सोडली, पंचाहत्तरी जवळ आलेली ती बाई त्यात बसून दोर घेऊन बोयापर्यंत वल्ही मारत गेली, गाठ मारून आली आणि म्हणाली, "चहा टाकते."

याच खाडीत ऑगस्ट १७७५ मध्ये हुआन मानुएल दे आयाला 'सान कार्लोस' हे जहाज घेऊन आला. युरोपियनांचं या उपसागरात शिरलेलं पहिलं जहाज म्हणून त्याची नोंद आहे. वाटेत एका पिस्तुलातून चुकून गोळी सुटून त्याचा पाय जखमी झाला होता, म्हणून तो जहाजावरच पडून राहिला आणि सगळा उपसागर हिंडून नकाशा केला तो त्याच्या सुकाणूवाल्यानं, होसे दे कान्यिसारेसनं. खाडीला नाव मात्र पडून राहणाऱ्याचं. मला हे ऐकून त्या दिवशी जरा धीर आला. कोस्ट मिवोक लोक तर त्यांच्याही शेकडो वर्षं आधीपासून लव्हाळ्याच्या बोटींतून या बेटावर येत होते. त्यांचे बोये नव्हते, की नावाची पाटी नव्हती.

---

होडीनं किनाऱ्यावर जाऊन रात्रीचं भाडं भरलं. बोटीचं नाव, बोयाचा क्रमांक, किती रात्री. बस्स. कुठून आलात, का आलात, कधी परत जाणार, कुणी विचारलं नाही. काका बोटीवर गाठी तपासत राहिले. काकू आणि मी रस्त्यानं बेटाच्या ईशान्येला निघालो. तिथे एक जागा बघायची माझ्या मनात होती.

हे बेट म्हणजे किती दिवस माणसांना थांबवून ठेवण्याची जागा होती. जिथे आम्ही बोट बांधली तिथे १८९१ पासून विलगीकरण केंद्र होतं. जहाजावर साथीचा संशय आला की माणसं इथे उतरवायची, सामानाला धुरी द्यायची. आणि मैल-दीड मैलावर, चायना कोव्हला, २१ जानेवारी १९१० रोजी इमिग्रेशन केंद्र सुरू झालं. पॅसिफिक ओलांडून आलेलं जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागायचं. युरोपियन आणि पहिल्या वर्गाचे बहुतेक प्रवासी जहाजावरच कागद दाखवून उतरायचे. बाकीच्यांना, मुख्यतः चिन्यांना, दुसऱ्या बोटीत घालून इथे आणायचे. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना बंदी होती. व्यापाऱ्याला, विद्यार्थ्याला, किंवा अमेरिकन नागरिकाच्या मुलाला येता यायचं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहराचं जन्म-नोंदणीचं दफ्तर जळालं, तेव्हा पुष्कळांनी आपण इथेच जन्मलो असं लिहून दिलं आणि मग चीनमधून 'मुलगे' आणले. कागदावरचे मुलगे. ते पकडायला अधिकारी प्रश्न विचारायचे. तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदळाचं पिंप कुठे ठेवलंय? तिसऱ्या घरात कोण राहतं? मग तेच प्रश्न बापाला वेगळे विचारायचे. उत्तरं जुळली तर उतरा, नाही जुळली तर परत. खरा मुलगाही पायऱ्या मोजून थोडाच घर सोडतो?

इथे मला माझी व्हिसाची मुलाखत आठवली. नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा व्हिसा. लग्नाचा अल्बम घेऊन जायचा. अधिकाऱ्यानं विचारलं, लग्नाला किती माणसं होती? मी म्हणाले चारशे. बाहेर आल्यावर नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "सातशे होती की!" ती रात्र मी झोपले नाही. दोन्ही आकडे खोटे होते, कारण मोजले कुणी? जेवणाच्या पंगती मोजल्या होत्या आचाऱ्यानं, आणि त्याचाही हिशेब बाबांना पटला नव्हता. मला व्हिसा मिळाला. त्यावर काम करायची परवानगी नव्हती, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही किती वर्षं होतो हे मी सांगत नाही, ते ऐकून ऐकून सगळे कंटाळले आहेत. पण मी विमानानं आले, तीन मिनिटं उभी राहिले आणि घरी गेले. इथे माणसं काही दिवसांपासून दोनेक वर्षांपर्यंत राहिली.

बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कविता कोरल्या आहेत. चिनी अक्षरं, अभिजात वळणाच्या ओळी, चाकूनं कोरलेल्या. अधिकाऱ्यांनी भेगा लांबी भरून बुजवल्या, वरून रंग दिला. कोरलेलं दबलं पण गेलं नाही. उद्यान झाल्यावर ही पडकी इमारत पाडायची ठरली होती. १९७० मध्ये अलेक्झांडर वाईस नावाचा रेंजर विजेरी घेऊन आत गेला आणि त्याला भिंतभर अक्षरं दिसली. वरिष्ठांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं बाहेरच्या लोकांना बोलावलं, आणि बराक वाचली. आजवर दोनशेच्या वर कविता नोंदल्या गेल्या आहेत. अंधार पडत चालला होता. तिरप्या उजेडात रंगाखालची अक्षरं उठून दिसत होती, अंगावर शहारा आल्यावर दिसतात तशी.

काकू भिंतीजवळ तोंड नेऊन काहीतरी शोधत होत्या. "आपलं अक्षर दिसतंय का गं?" मला नाही दिसलं. आपली माणसं मात्र होती. बहुतेक पंजाबी शेतकरी, आणि त्यांचा धर्म कोणताही असो, कागदावर सगळे 'हिंदू'. या केंद्रातून नाकारून परत धाडलेल्यांचं प्रमाण सर्वांत जास्त कुणाचं, तर हिंदुस्थानातून आलेल्यांचं. पोटात जंत आहेत, किंवा सरकारवर भार व्हाल, एवढं कारण पुरायचं. १९१७ च्या कायद्यानं तर दारच बंद केलं.

"बायका कुठे राहायच्या?" काकूंनी तिथल्या मार्गदर्शक मुलीला विचारलं. तिनं बाहेर बोट दाखवलं. तिथे गवत होतं आणि एका इमारतीच्या पायाच्या खुणा. बायकांच्या खोल्या मुख्य इमारतीत वरच्या मजल्यावर होत्या, आणि ती १९४० च्या ऑगस्टमध्ये जळाली. त्या आगीनंतरच केंद्र बंद झालं. बायकांनी भिंतीवर काही लिहिलं असेल तर ते तिथे होतं.

परतीच्या रस्त्यावर आम्ही दोघी फारसं बोललो नाही. काकूंनी एकदाच म्हटलं, "मी पहिली तीन वर्षं इथे काय केलं, कुठे लिहिलंय?" मग त्यांनाच हसू आलं. "फ्रिजच्या दारावर लिहायचे. दूध, अंडी, विजेचं बिल."

---

शेवटची फेरी गेली की आयाला कोव्ह बदलते. दिवसभर फेरीच्या लाटांनी बोटी कुरकुरत असतात, ते थांबतं. किनाऱ्यावर हरणं येतात. शहर बेटाच्या पाठीमागे राहतं, म्हणून उजेड फक्त समोरच्या टिबुरॉन गावाचा. शेजारच्या बोटीवरचा एक दाढीवाला मनुष्य छोट्या होडीतून वल्हवत आला. त्याच्या हातात आमची काठी. "ही तुमची ना?" एवढंच विचारून त्यानं ती दिली आणि गेला.

काकांचा मूड परत आला. वाटीत दाणे घेऊन ते क्रांतिकारक खानखोज्यांवर घसरले. काका वर्ध्याचे, आणि पांडुरंग खानखोजेही वर्ध्याचे, त्यामुळे गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी तिथे पोचतात. इथलं इमिग्रेशन केंद्र सुरू व्हायच्या आधीच खानखोजे कॅलिफोर्नियाला पोचले होते. शिकले शेतकी, आणि गदर या इथल्या भारतीय क्रांतिकारकांच्या संघटनेच्या पहिल्या उभारणीत ते होते. तिच्या 'गदर' या पत्राचा पहिला अंक नोव्हेंबर १९१३ मध्ये निघाला तो या बेटापलीकडच्या शहरात. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव गेल्यावर पुढची कित्येक दशकं त्यांना मायदेशी जाता आलं नाही. मेक्सिकोत राहिले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं.

"म्हणजे ह्यांनी दोन्ही नांगर बघितले," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, "तुला सगळं नांगरावरच नेऊन ठेवायचंय आज." तो टोला खरं तर मला होता. दुपारपासून मीच तो शब्द चघळत होते.

रात्री तीनला जाग आली. आपण वाहत चाललोय असं वाटून मी धडपडत वर आले. नांगर उकरत येतानाची ती थरथर अजून हातात होती. पण सगळं जागेवर होतं. संध्याकाळी पाणी नाळेकडून मागे जात होतं, आता ते मागून पुढे येत होतं. दोर आधी पुढचा ताठ होता, आता मागचा. दोन्हीकडून बांधलेल्या बोटीला वळता येत नाही, ती तशीच राहते आणि पाणी दिशा बदलून तिच्या बाजूनं जातं. इथे राहणाऱ्या कुणालाही यावर काहीतरी सुचेल. मलाही सुचलं होतं. थंडी फार होती, मी काकांचा स्वेटर चढवला आणि हात लावून मागची गाठ बघितली. काकूंनी मारलेली. ती माझ्या बापजन्मात सुटली नसती.

सकाळी धुकं होतं, गोल्डन गेटकडून भोंगा ऐकू येत होता. नऊच्या सुमारास ते विरलं. निघताना आधी ज्या बाजूनं ओढ नाही तो दोर सोडायचा. काका इंजिन तापवत होते. एवढ्यात एक छोटी बोट आमच्याकडे वळली. तरुण जोडपं, आत केशरी जाकिटात एक लहान मुलगी. बाई नाळेवर पालथी पडलेली, हातात दोर, आणि तिच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं सगळं दिसलं.

"तुम्ही निघताय का?" तिनं हाक मारली.

"निघतोय."

"आम्ही पहिल्यांदाच करतोय हे."

मी काठीनं बोयाची कडी उचलून धरली, आमचा दोर काढून घेतला, आणि तिचा हात पोचेपर्यंत कडी तशीच धरून ठेवली. पाणी थबकलेलं होतं. तिला दोन खेपा लागल्या.

"काठी घट्ट धर," मी म्हणाले.